पांढरी सोडून

हर्णै, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय रिदा,

अस्सलाम आलैकुम आणि खूप खूप दुवा.

फुजैल उद्या कतारला परत निघालाय, त्याच्या हाती ही चिठ्ठी देतेय. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि तू इतकं हळू बोलतेस की उरलेलं अर्धंही जातं. माझा मोबाईल बटणांचा, त्यात चार अक्षरं लिहायची तर संध्याकाळ होते. तेव्हा आपली जुनी रीत बरी. आखाताला जाणारा माणूस दिसला की त्याच्या बॅगेत चिठ्ठी आणि बोंबिलाची पुडी.

तुला अल खोरला येऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि मी गावी येऊन अशी पडले. खुब्याचं ऑपरेशन बरं झालं. पण डॉक्टर म्हणतो, पावसाळा संपेपर्यंत विमानाचं नाव काढू नका. म्हणजे पुढच्या ऑक्टोबरपर्यंत मी इथे सलमाच्या ताब्यात. माझी धाकटी बहीण, पण हुकूम थोरलीसारखे सोडते. त्यामुळे घर तुझं, आणि मागच्या भिंतीवरच्या वेलीही तुझ्या.

माझ्या उमैरला त्यातलं काही कळत नाही, म्हणून तुलाच लिहिते. भिंतीवर तीन वेली आहेत. नर्सरीवाले त्यांना क्लेमॅटिस म्हणतात. पांढरी तुझ्या सासऱ्यांनी आणली, मी कतारला आले त्या पहिल्या हिवाळ्यात. दुसरी जांभळी. तिसरी आपल्या रानातली मोरवेल, ती गावची. तिघी एकाच जातकुळीच्या, म्हणून मी त्या एकत्र लावल्या. पांढरी फेब्रुवारीच्या शेवटी फुलते, तिचं आटोपतं तोवर जांभळीला कळ्या येतात, आणि ऊन उतरलं की गावचीची पाळी. एकमेकींच्या अंगावर चढतात, पण भांडत नाहीत. तीन बायका एका भिंतीवर राहतात हे बघायला तुझे सासरे शेजाऱ्यांना बोलवायचे आणि माझ्याकडे बघून हसायचे.

त्यांच्या बुंध्यावर ऊन पडू द्यायचं नाही. मी तिथे फुटक्या कौलांचे तुकडे आणि काथ्या टाकलाय, तो हलवू नकोस. नळाचं पाणी घालायचं नाही, एसीचं पाणी बादलीत धरून घालायचं. आणि जानेवारीत थंडी पडली की गुडघ्याएवढ्या ठेवून वरचं सगळं कापायचं. गावचीला हात लावू नकोस, ती आपलं आपण बघते. कापताना जीव वर-खाली होईल, तरी काप.

वलींना, तुझ्या सासऱ्यांना, जाऊन चार वर्षं होतील. त्यांच्या मागे मी त्या भिंतीशीच बोलत आले. आता तू बोल.

तुझी,
अम्मी


अल खोर, ९ जानेवारी २०२५

आदरणीय अम्मी,

अस्सलाम आलैकुम.

तुमची चिठ्ठी फुजैलभाईंनी दिली तेव्हापासून मी ती स्वयंपाकघरात लावून ठेवलीय. बोंबील त्याच दिवशी संपले.

काल छाटणी केली. खरं सांगते, रडू आलं. पांढरी कुठली आणि जांभळी कुठली हे बुंध्याशी कळतं, पण वर दोघी अशा गुंतल्यात की एकीचं टोक धरून ओढलं तर दुसरी हलते. शेवटी तुमची चिठ्ठी हातात धरली आणि दोघींना गुडघ्याएवढं ठेवून बाकी सगळं कापलं. गावचीला हात लावला नाही. भिंत आता शाळेच्या सुट्टीत शाळा दिसते तशी दिसते. हे घरी आले, मागे जाऊन बघितलं आणि म्हणाले, "अम्मीने भिंत दिली होती, तू भिंतच ठेवलीस."

एसीचं पाणी हिवाळ्यात फार पडत नाही. तुमचा एसी बंद, आमचा बंद. मग शेजारच्या मल्याळी बाईंना विचारलं, त्यांच्या एका खोलीत बाराही महिने एसी चालतो. रोज अर्धी बादली देतात.

यांची तब्येत चांगली आहे. कामाचा व्याप असतो. काळजी करू नका.

मला एक विचारायचं होतं. मी हळू बोलते ते तुम्हाला आवडत नाही का? आमच्या घरी आम्ही पाच बहिणी, मोठ्याने बोलणाऱ्या चौघी होत्या. मला कधी गरजच पडली नाही.

तुमची,
रिदा


हर्णै, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय रिदा,

खूप दुवा.

छाटलंस, छान केलंस. मला तर पहिल्या वर्षी धीरच झाला नाही, मी अर्धवट कापून सोडून दिलं. तू माझ्यापेक्षा धीराची. पांढरी यंदा जरा रुसली तर मनाला लावून घेऊ नकोस. वेलींची तऱ्हा असते.

आणि हळू बोलणं मला आवडतं गं. कान माझा फुटलाय, त्यात तुझी काय चूक? आता चिठ्ठीत तुझा आवाज मला पूर्ण येतो.

मी काठी घेऊन अंगणापर्यंत जाते. सलमा मागे खुर्ची घेऊन फिरते, मी कुठे पडले तर तिच्यावर पडावं म्हणून.

उमैरचं मात्र मला कळेना. शुक्रवारी फोन करतो आणि "सगळं ठीक, अम्मी, इन्शाल्ला सगळं ठीक" एवढं एका दमात बोलून ठेवून देतो. पूर्वी काय जेवला ते सांगायचा, बसमध्ये कोण झोपलं ते सांगायचा, साहेबाची नक्कल करायचा. तुमच्यात काही बिनसलंय का? असेल तर माझ्यापाशी त्याचीच तक्रार कर, मी तुझ्या बाजूने आहे.

तुझी,
अम्मी


अल खोर, २३ मार्च २०२५

आदरणीय अम्मी,

रमजान मुबारक. हे पत्र पोचेल तोवर ईद होऊन गेलेली असेल, म्हणून ईद मुबारकही.

तुमची चिठ्ठी फार उशिरा मिळाली. तुम्हाला आधी आनंदाची बातमी देते. पांढरी मुळीच रुसली नाही! अशी फुललीय की भिंत दिसत नाही. सकाळी मागचं दार उघडलं की आधी तीच दिसते. शेजारच्या मल्याळी बाई इफ्तारला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, इतकी फुलं या भिंतीवर कधी पाहिली नव्हती. मी म्हटलं, हे आमच्या अम्मींच्या हातचं आहे. जांभळीलाही कळ्या दिसतायत. तुम्ही ऑक्टोबरपर्यंत अगदी निश्चिंत राहा.

आमच्यात काहीही बिनसलेलं नाही. हे चांगले आहेत. रोजे धरून काम करतात म्हणून थकतात, एवढंच.

एक सांगायचं होतं. फुजैलभाईंची आता गाठ पडत नाही. यापुढे चिठ्ठी गावातल्या हुस्नाभाभींकडे द्या. त्यांचं माणूस दर महिन्याला येतं-जातं, आणि त्यांच्याकडून मला नक्की मिळते.

तुमची,
रिदा


हर्णै, १४ एप्रिल २०२५

प्रिय रिदा,

खूप खूप दुवा, आधी दुवा, मग बाकीचं.

तुझी चिठ्ठी मी दोनदा वाचली. मग सलमाला वाचायला दिली आणि ती म्हणाली, "काय सुंदर लिहिते सून तुझी." सुंदर लिहितेसच. पण बेटी, पांढरी फुलली नाही.

जांभळी नव्या फुटीवर फुलते, म्हणून तिला दरवर्षी कापायची. पांढरी फुलते मागच्या वर्षीच्या फांद्यांवर. त्या कापल्या की त्या वर्षाची फुलं गेली. तू जानेवारीत दोघी गुडघ्याएवढ्या केल्याचं लिहिलंस, तेव्हाच मला कळलं की यंदा पांढरीला एक फूल येणार नाही. चूक माझी होती. "पांढरी सोडून" हे दोन शब्द मी लिहायचे विसरले. इतकी वर्षं माझे हात ते आपोआप करत होते, म्हणून डोक्याला सांगायचं सुचलंच नाही. तुला लिहिलं असतं तर तू हिरमुसली असतीस. नवी सून, तिने पहिल्यांदा काही हातात घेतलं आणि तेच बिघडलं असं व्हायला नको, म्हणून मी गप्प बसले. रुसली तर मनाला लावून घेऊ नकोस, एवढंच लिहिलं.

म्हणजे आधी मी लपवलं. तेव्हा तुझ्यावर रागवायचा मला हक्क नाही.

पण वेल नुसती फुलली नसती, तर तू लिहिलं असतंस, "अम्मी, फुलं आली नाहीत." तू सरळ मुलगी आहेस. तू मल्याळी बाईंना इफ्तारला बसवलंस, त्यांच्या तोंडी वाक्य घातलंस. एवढं माणूस तेव्हाच करतं जेव्हा त्याला दुसरं काही मोठं झाकायचं असतं. मला वाटतं, तू त्या भिंतीजवळ नाहीस. आणि फुजैल, जो तुमच्या मागच्या गल्लीत राहतो, त्याची गाठ पडत नाही म्हणतेस.

काय झालंय? उमैर बरा आहे ना? एवढंच आधी सांग. बाकी काहीही असलं तरी मी ऐकून घेईन. चिठ्ठीत मला सगळं ऐकू येतं.

तुझी,
अम्मी


अल रुवैस, ४ मे २०२५

आदरणीय अम्मी,

हे बरे आहेत. अल्लाशप्पथ बरे आहेत. हे आधी लिहिते.

वर गावाचं नाव खरं लिहिलंय. आम्ही अल रुवैसला आहोत, पार उत्तरेला, बंदराजवळ. जानेवारीत कंपनीने यांचा करार वाढवला नाही. तुमची दुसरी चिठ्ठी यायच्या आतच कळलं होतं. अब्बांच्या वेळेपासून घर कंपनीचंच, त्यामुळे फेब्रुवारीच्या शेवटी रिकामं करावं लागलं. त्याआधी बरेच दिवस यांनी कामासाठी दोहात खेटे घातले. आता इथे मच्छीमार लाँचींना जाळी, दोर, इंजिनाचं सामान विकणाऱ्या दुकानात हिशेब बघतात. दुकानावरच एक खोली आहे, तीत आम्ही राहतो. वाईट नाही. खिडकीतून लाँची दिसतात. पण तुमचं घर नाही ते.

यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं की अम्मींना कळता कामा नये. आधी म्हणाले, तिचं पाऊल नीट पडू दे. मग म्हणाले, चांगली नोकरी लागू दे, मग सांगतो. आता काहीच म्हणत नाहीत. शुक्रवारी तुम्हाला फोन करायच्या आधी दुकानाच्या मागे जाऊन चार वेळा घसा साफ करतात. फोन झाला की त्या दिवशी जेवत नाहीत. मला भीती वाटते, अम्मी. माणूस असा किती दिवस राहणार?

आणि वेली. निघायच्या आदल्या दिवशी मी मल्याळी बाईंकडून फावडं आणलं. हे म्हणाले, "खलास, सोड आता, ट्रकमध्ये जागा नाही." मी सोडलं नाही. जांभळी चांगली निघाली, मुळाला मातीसकट. पांढरीची मुळं भिंतीच्या पायाखाली गेली होती. जितकी निघाली तितकी काढली, ओल्या गोणपाटात बांधली, मांडीवर घेऊन आले. इथे आल्यावर आठवड्यात ती काळी पडली. गावची भिंतीवरच राहिली. जांभळी आता निळ्या प्लास्टिकच्या पिंपात जिन्याखाली आहे. मागच्या आठवड्यात तिला लहान लहान फुलं आली, यंदाची तीच.

अब्बांनी आणलेली वेल माझ्या हातून गेली. तुम्ही रुसण्याचं लिहिलंत तेव्हा वाटलं, त्यांना आधीच शंका आलीय, आता तिला फुलवलीच पाहिजे. मग थांबताच आलं नाही.

माफ करा. आणि यांना कळू देऊ नका की तुम्हाला कळलंय. माझ्यावर रागावतील म्हणून नाही म्हणत. ते मोडून पडतील.

तुमची,
रिदा


हर्णै, २९ मे २०२५

प्रिय रिदा,

पांढरी गेली हे वाचून मला वाईट वाटलं. वाटलं नाही असं लिहिलं तर पुन्हा तेच लपवालपवीचं सुरू होईल. तुझ्या सासऱ्यांनी ती आणली तेव्हा टॅक्सीत मांडीवर धरून आणली होती, आणि उतरताना टॅक्सीवाल्याला सलाम करायच्या नादात कुंडी पाडली होती. तू तिला मांडीवर घेऊन गेलीस हे वाचलं आणि मग रडू आलं ते वेगळं होतं. ज्या बाईने त्यांना कधी पाहिलं नाही, तिने ती वेल त्यांच्यासारखीच धरली. मला आणखी काय हवं?

तेव्हा तो विषय संपला. माफी मागायची नाही. मार्चमध्ये तू माझ्यासाठी फुलं फुलवलीस, खोटी का होईना. माझ्यासाठी इतकं खोटं आजवर कुणी बोललं नव्हतं.

जांभळीचं बघ. पिंप निळं म्हणजे तापणार. त्याला बाहेरून गोणपाट गुंडाळ आणि ते ओलं ठेव. पिंपाच्या तोंडाशी सावलीसाठी पुदिना लाव. जुलैत पानं करपतील, घाबरू नकोस.

आता उमैर. तुझं ऐकून मी गप्प राहीन. पण माझं एक ऐक. त्याला तू सांगायला लावू नकोस, आणि माझ्या वतीने तूही सांगू नकोस. नोकरी जाणं ही लाजेची गोष्ट नाही, मी कतारला यायच्या आधी वलींची दोनदा गेली होती. पण आईपासून ती लपवली याची त्याला आता जास्त लाज वाटत असेल, आणि ती त्याची त्यालाच काढून टाकावी लागेल. ऑक्टोबरात मला यायचंय. एका खोलीत तिघं राहू, मी बोटीच्या केबिनमध्ये झोपलेली बाई आहे. पण तो स्वतः "ये" म्हणेल तेव्हाच येईन. त्याने खोटं घर राखत राहायचं आणि मी त्या खोट्या घरी पाहुणी जायचं, हे मला जमणार नाही. तो नाही म्हणाला तर इथेच राहीन. असंच ठरवलंय.

तुझी,
अम्मी


अल रुवैस, ११ जुलै २०२५

आदरणीय अम्मी,

घाईत लिहितेय. हुस्नाभाभींचं माणूस दुपारी निघतंय.

ऊन असं आहे की दुकानाचं कुलूप फडक्याने धरून उघडावं लागतं. जांभळीची पानं तुम्ही म्हणालात तशी करपली. गोणपाट मी भिजवायचे, पण आठवडाभर बघतेय, मी उतरायच्या आधीच ते ओलं असतं. काल लवकर गेले तर हे एसीच्या नळीखालची बादली पिंपाशी घेऊन उभे. मला बघून म्हणाले, "पाणी वाया जात होतं."

मग विचारलं, अम्मी चिठ्ठीत काय लिहितात. मी म्हटलं, वेलींचंच. म्हणाले, "पांढरीचं काय सांगितलंस तिला?" मी म्हटलं, फुलली म्हणून. त्यांनी बादली खाली ठेवली. मग म्हणाले, "तू खोटं बोललीस? अम्मीशी?" असं विचारलं, अम्मी, जणू काही मीच सुरू केलं! माझा आवाज कधी चढत नाही, काल चढला. मी म्हटलं, "तुमचं खरं राहावं म्हणून बोलले! मला तुमच्या आईशी खोटं बोलायचं नाहीये, मला ती आवडते!" खाली दुकानात गिऱ्हाईक होतं, तेही वर बघायला लागलं.

हे बंदराकडे निघून गेले. जेवायला आले, जेवून पुन्हा खाली दुकानात गेले. तुम्ही सांगितलं होतंत सांगायला लावू नकोस. मी लावलं का? मला कळत नाही. काही बिघडलं असेल तर तुम्हाला काय वाटतं ते लवकर लिहा.

तुमची,
रिदा


हर्णै, ३ ऑगस्ट २०२५

माझ्या रिदा,

हे पत्र तुला मिळेल तोवर तुला सगळं माहीत असेल. तरी माझ्याकडची बाजू लिहिते, कारण ती त्याने तुला नीट सांगितली नसेल.

मंगळवारी फोन वाजला. मंगळवारी तो कधी करत नाही. मी ओट्यावर बसले होते, सलमा मासे साफ करत होती. "अम्मी," म्हणाला, आणि पुढे नुसता समुद्राचा आवाज. मग ओरडला, कारण माझ्याशी ओरडूनच बोलावं लागतं: "अम्मी, माझी नोकरी गेली! जानेवारीतच गेली! अल खोरचं घर पण सोडलंय!"

मला सगळं ऐकू आलं. एकूण एक शब्द. सलमालाही आलं, तिची सुरी थांबली. आणि मी काय केलं, तर म्हटलं, "काय? काय म्हणतोस? ऐकू येत नाही रे, मोठ्याने बोल!"

सलमाने माझ्याकडे असं बघितलं की बस. पण पहिल्यांदा तो, गं, चोरी कबूल करावी तसा बोलला. मला तो तसा तिथे सोडायचा नव्हता. मग तो पुन्हा ओरडला, आख्ख्या अल रुवैसने ऐकलं असेल, पण या वेळी शाळेतून येऊन भूक लागली म्हणून ओरडायचा तसा ओरडला. मग थांबेचना. जाळी सांगितली, दोर सांगितले, मालक जेवताना घोरतो ते सांगितलं, पिंप सांगितलं. तू त्याच्यावर ओरडलीस हेही सांगितलं, आणि त्याला ते आवडलंय असं मला वाटलं. तू काही बिघडवलं नाहीस.

मग हळूच म्हणाला, "खोली एकच आहे, अम्मी. पण तू ये."

मी म्हटलं, "काय म्हणालास?"

"तू ये!"

"काय?"

तेव्हा सलमाने मासळीच्या हातानेच माझ्याकडून फोन ओढून घेतला आणि त्याला म्हणाली, "उमैर, पुरे आता. सगळं ऐकू येतंय तिला, पहिल्यापासून येतंय. येते ती, ऑक्टोबरात."

पलीकडे तो हसला. फोन सलमाच्या कानाला होता, तरी मला ऐकू आलं.

तुझी,
अम्मी